कोणता ग्रंथ घ्यावा?

एखाद्यास पुस्तक भेट देणे ही गोष्ट दिसते तितकी निरुपद्रवी नाही. घड्याळ दिले तर घेणारा ते मनगटास बांधतो आणि देणारास विसरतो; पेढे दिले तर तेही दोन दिवसांत संपतात. पुस्तकाचे तसे नाही. 'तुझ्या ज्ञानात अमुक एक उणीव आहे, असे माझे मत आहे,' हे आपण पुस्तकाच्या पहिल्या पानावर सही करून लेखी कळवीत असतो. तरीही सुमारे तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळे, कोणास कोणते पुस्तक द्यावे हे आपणांस कळते, असा माझा एक गोड समज होता. तो गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने, स्वतःस नकळत, मोडून काढला.

ही माझी पुतणी एम. डी. झाल्यावर मज्जासंस्थेच्या विकारांचा, म्हणजे न्यूरॉलॉजीचा, तीन वर्षांचा डी. एम. अभ्यासक्रम करण्यासाठी निवडली गेली. ही बातमी घरी आली त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले की, या विषयावरील उत्तमात उत्तम संदर्भग्रंथ मी तिला घेऊन देणार. ती हसून म्हणाली, "काका, द्याच, पण एकच द्या. वसतिगृहाच्या खोलीत दुसऱ्यास जागा नाही. आणि कोणता, ते तुम्हीच ठरवा." ही शेवटची अट तिने माझ्याविषयीच्या आदराने घातली, की माझी गंमत पाहण्यासाठी, हे मला अद्याप उमगलेले नाही. वैद्यकाचे माझे ज्ञान सर्दीच्या काढ्यापलीकडे जात नाही. तथापि ग्रंथ हा ग्रंथच. तो कोणत्याही विषयावरचा असला तरी त्याची पारख करण्याची रीत एकच असणार, अशा धीराने मी तो भार पत्करला.

ती रीत माझी स्वतःची नव्हे. मी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालो तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे या मुलीच्या वडिलांनी, मला पुण्यातील अप्पा बळवंत चौकात नेऊन मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची नव्याने छापलेली प्रत घेऊन दिली होती. दादाला नोकरी लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुकानदाराने दोन-तीन कोश पुढे मांडले आणि मी त्यांच्या बांधणीकडे व सोनेरी अक्षरांकडे पाहू लागलो. दादा म्हणाला, "असे पाहून काही कळायचे नाही. एक अवघड शब्द मनात धर आणि तोच सगळ्यांत काढून पाहा. सोपे शब्द सगळ्यांनाच येतात." पुढे मी कित्येक कोश घेतले, कित्येक विद्यार्थ्यांस घ्यावयास सांगितले, परंतु प्रत्येक वेळी परीक्षा घेतली ती याच रीतीने.

दोन वर्षांपूर्वी आषाढातील एका पहाटे वहिनी दादाला उठवावयास गेल्या, तेव्हा त्याचा उजवा हात व पाय हलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूस रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद झाली होती. ही गुठळी विरघळविणारे औषध आहे; पण ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि दादाचे ते साडेचार तास केव्हा सुरू झाले हे झोपेमुळे कोणासच ठाऊक नव्हते. पुढे दादा काठी घेऊन चालू लागला. आपण बोललेले त्याला बहुतेक सगळे कळते. बोलण्यापुरता मात्र त्याच्यापाशी एकच शब्द उरला आहे: 'बरं'. चहा हवा असेल तर बरं. नको असेल तरी बरं. राग आला, तहान लागली, कोणी जुना मित्र भेटावयास आला, तरी बरंच. मराठीतील हा शब्द इतक्या सुरांत उच्चारता येतो हे मला पूर्वी माहीत नव्हते.

सांगावयाचे ते इतकेच की, ग्रंथ पाहण्यासाठी मी दुकानाची पायरी चढलो तेव्हा कोणता अवघड शब्द मनात धरावयाचा, हे मला ठरवावे लागले नाही.

दुकान वैद्यकीय पुस्तकांचे होते. तेथील मदतनीस तरुणाने मला प्राध्यापक म्हणून ओळखले, परंतु कशाचा हे न विचारता एकामागून एक ग्रंथ माझ्यापुढे ठेवले. प्रथम ब्रॅडलीच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आला: दोन जाडजूड खंड, शंभराहून अधिक लेखकांनी वाटून लिहिलेले, चित्रांनी व कोष्टकांनी गजबजलेले. त्यामागून मेरिटचा ग्रंथ आला; मग अ‍ॅडम्स आणि व्हिक्टर यांचा, एकाच खंडात मावणारा पण एका हाताने न उचलणारा. तपासणी कशी करावी एवढ्याच विषयास वाहिलेला डीजाँगचा ग्रंथ आला. शेवटी एक चिमुकली पुस्तिका आली, जी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रथम तयार केली. कोणता स्नायू कोणत्या मज्जातंतूच्या हुकमाखाली असतो आणि त्याची शक्ती शून्यापासून पाचापर्यंत कशी मोजावयाची, हे त्या पुस्तिकेत चित्रांसह दाखविले आहे. युद्धात गोळी लागून तुटलेले मज्जातंतू तपासण्यासाठी केलेली ती पुस्तिका शांततेच्या काळातही डॉक्टरांच्या खिशात राहिली. मला ती पाहताक्षणी आवडली. पण पुतणीस दिलेल्या वचनापुढे ती फारच किरकोळ दिसली असती, आणि भेट देणारास वजनाचाही विचार करावा लागतो.

एका बाजूस बसून मी हे ग्रंथ चाळू लागलो. प्रथम मन वेधले ते त्यांच्या वंशावळीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात काम करणाऱ्या विल्यम गॉवर्सने मज्जाविकारांवर १८८६ व १८८८ साली दोन खंड लिहिले. सगळे एकट्याने! रुग्णांच्या टिपणांसाठी तो लघुलिपी वापरीत असे, आणि ग्रंथातील कित्येक आकृत्याही त्याच्याच हातच्या. पुढे १९३३ साली रसेल ब्रेन यांचा ग्रंथ निघाला. 'ब्रेन' म्हणजे मेंदू. ज्याचे आडनावच विषयाचे नाव आहे अशा ग्रंथकाराचा हेवा कोणा लेखकास वाटणार नाही? किनियर विल्सनने आपल्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षे साहित्य जमविले. परंतु १९३७ साली तो वारला आणि ग्रंथ १९४० साली दुसऱ्याच्या हातून संपादित होऊन बाहेर पडला. अमेरिकेत ह्यूस्टन मेरिटने १९५५ साली आपला ग्रंथ लिहिला, तोही एकट्यानेच. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाचा गुण १९३८ साली ट्रेसी पुटनमबरोबर प्रथम दाखवून देणारा मेरिट तो हाच.

एकाच मनुष्याने एका शास्त्राचा सगळा विस्तार आपल्या डोक्यातून ओवून कागदावर उतरवावा, हा काळ आता मागे पडला. डॉ. जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा कोश काही लेखनिकांच्या मदतीने सिद्ध केला. आज तसला कोश करावयाचा तर एक कचेरी लागते. मज्जाविकारांचेही तेच झाले आहे. बहुतेक मोठ्या ग्रंथांत आज प्रत्येक प्रकरण त्या त्या विषयात मुरलेल्या तज्ज्ञाकडून लिहवून घेतात. त्यात अचूकपणा वाढतो, यात संशय नाही. परंतु वाचणारास एक गोष्ट मुकावी लागते: एका प्रकरणातील मत दुसऱ्या प्रकरणात ओळखीचे हसत नाही. रेमंड अ‍ॅडम्स आणि मॉरिस व्हिक्टर यांनी १९७७ साली आपला ग्रंथ दोघांच्या लेखणीने काढला, आणि ते दोघे गेल्यानंतरही तो मोजक्याच हातांनी पुढे चालू ठेवला आहे. त्यामुळे की काय, तो वाचताना कोणीतरी एक मनुष्य आपल्याशी बोलत आहे असा भास होतो. माझ्यासारख्या वाङ्मयाच्या माणसास ह्या भासाची किंमत फार वाटते. रोग्यास ती किती वाटेल, हा प्रश्न मी त्या वेळी मनात येऊ दिला नाही.

या सर्व मंडळींत एका नावाची अनुपस्थिती मला चुटपूट लावून गेली. ह्यूलिंग्ज जॅक्सनला आधुनिक मज्जाविकारशास्त्राचा एक जनक समजतात. पण त्याने संदर्भग्रंथ म्हणून काही लिहिलेच नाही. त्याचे विचार मासिकांतून विखुरलेले राहिले आणि ते १९११ साली वारल्यावर वीस वर्षांनी निवडून एकत्र छापण्यात आले. पुस्तकांविषयी त्याला आदरही बेताचाच होता. कादंबरी विकत घेतली की तिचे पुठ्ठे काढून टाकून तो तिचे दोन तुकडे करी आणि ते दोन खिशांत घाली, असे सांगतात. ग्रंथांची निवड करीत बसलेल्या मला हे आठवले तेव्हा थोडे ओशाळल्यासारखे झाले.

मग मी रचनेकडे वळलो. संदर्भग्रंथ दोन प्रकारे रचता येतो. एक, रोगांची नावे घेऊन: या रोगाची ही कारणे, ही लक्षणे, हा उपचार. दुसरा, रोगी जी तक्रार घेऊन येतो तेथून आरंभ करून: डोके दुखते, चालताना तोल जातो, हाताला मुंग्या येतात. मेरिटच्या ग्रंथात लक्षणांचा भाग थोडक्यात आवरून मुख्य भर रोगांवर दिला आहे. ब्रॅडलीचा पहिला खंड लक्षणे व तपासण्या यांचा आणि दुसरा रोगांचा. अ‍ॅडम्स व व्हिक्टर यांच्या ग्रंथातही लक्षणांचा भाग आधी येतो, आणि तो सावकाश व ऐसपैस येतो. वरवर पाहता हा अनुक्रमणिकेचा भेद. परंतु मी जसजसा वाचू लागलो तसतसे माझ्या ध्यानात आले की, हा दोन स्वभावांचा भेद आहे.

एक उदाहरण देतो, कारण त्यानेच माझी समजूत पटली. एक मनुष्य पाऊल उचलता येत नाही म्हणून येतो. त्याची चप्पल पुढे घासत जाते. रोगाचे नाव शोधू लागणारा येथेच अडखळतो, कारण नावे पन्नास. पण या शास्त्रात 'काय झाले' याच्या आधी 'कोठे झाले' असे विचारण्याची शिस्त आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास हाडाला लगटून एक मज्जातंतू खाली उतरतो. शेतात तासन् तास उकिडवे बसून काम करणाराचा तो दबला तर पाऊल लोंबते. पण पाऊल आतल्या बाजूस वळविण्याची शक्ती शाबूत राहते, कारण ते काम दुसऱ्या मज्जातंतूकडे आहे. इजा कमरेतील मज्जामुळास झाली असेल तर हे आत वळविणेही दुबळे होते. आणि मूळ दोष मेंदूत असेल तर गुडघ्यावर हातोडीचा हलका ठोका मारताच पाय नेहमीपेक्षा जोराने उडतो, आणि तळपायाच्या बाहेरच्या कडेने टोकदार वस्तू ओढली असता अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठतो. हातोडी, एक किल्ली आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर मनुष्य गुडघ्यापासून मेंदूपर्यंतचा प्रवास करून येतो! हे वाचताना मला चांगल्या पदान्वयाचा आनंद झाला. वाक्य कोठे मोडले आहे हे सापडल्याखेरीज अर्थाविषयी वाद घालू नये, असे मी वर्गात सांगत आलो आहे. येथे तोच नियम माणसाच्या देहास लावलेला होता.

ही अंगठ्याची खूण बाबिन्स्कीने १८९६ साली पॅरिसमध्ये सांगितली. ती आजही तशीच खरी आहे. या उलट उपचारांचे पाहावे. १९७७ सालच्या ग्रंथात गुठळी विरघळविण्याच्या त्या औषधाची आजची जागा असणे शक्यच नव्हते. ज्या मोठ्या प्रयोगाने त्याचा उपयोग सिद्ध झाला तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून मोठ्या वाहिनीतील गुठळी ओढून काढण्याची क्रिया २०१५ सालच्या प्रयोगांनंतर सर्वमान्य झाली. म्हणजे एकाच ग्रंथाच्या काही पानांना शंभर वर्षांत सुरकुती पडत नाही आणि काही पाने दहा वर्षांत पिवळी होतात. दुकानाबाहेर पदपथावर याच ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या मूळ किमतीच्या दशांशास मिळत होत्या, आणि मध्यमवर्गीय मनुष्याच्या मनात जो विचार यावयाचा तो माझ्याही मनात आला. पण दादाची ती पहाट आठवली. जुन्या आवृत्तीवर विसंबून कोणाचे साडेचार तास जावेत, या विचाराने मी खिशातील हात तसाच वर आणला.

आणखी एक शंका होती. हे सगळे ग्रंथ लंडनचे, बोस्टनचे, न्यूयॉर्कचे. आमच्या वॉर्डातील रोगी त्यांत कितीसा सापडणार? डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उभे आयुष्य घालविले आणि उतारवयात भारतीय दृष्टीने मज्जाविकारांवर एक ग्रंथ संपादित केला; तो २००५ साली निघाला. तोही त्या तरुणाने माझ्यापुढे आणून ठेवला. अशा ग्रंथाची गरज काय, याचे उत्तर एका गोष्टीत आहे. आपल्याकडे अपस्माराचा झटका येऊन गेलेल्या तरुण रोग्यांच्या मेंदूच्या चित्रात एक लहानशी गाठ वारंवार दिसे. ती क्षयाची असावी असे समजून पुष्कळांस महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जात, आणि गाठ नाहीशी झाली की औषधास यश दिले जाई. १९९० च्या आसपास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यवैद्यांनी अशा गाठी प्रत्यक्ष काढून तपासल्या, तेव्हा त्यांपैकी बहुतेक पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या. आणि अशी गाठ पुष्कळदा आपोआपच विरून जाते. कृमी डुकराच्या मांसातला खरा. पण त्याची अंडी घाणेरड्या पाण्यातून व भाजीपाल्यातून पोटात जातात, त्यामुळे जन्मभर शाकाहारी राहिलेलाही सुटत नाही. परदेशी ग्रंथांतून पुढे ही माहिती आली. परंतु ती प्रथम आपल्याकडील रोग्यांपासून शिकावी लागली. हा ग्रंथ घ्यावा असे माझ्या मनाने जवळजवळ घेतले होते. पण तो इतरांच्या शेजारी ठेवावयाचा ग्रंथ आहे, एकट्याने खोलीत राहावयाचा नव्हे, असे त्याच्या रचनेवरून मला वाटले. आणि खोलीत जागा एकाचीच होती.

इतका वेळ मी मनात धरलेला शब्द बाजूस ठेवून हे सगळे करीत होतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. अखेरीस मी प्रत्येक ग्रंथाच्या सूचीत 'वाचाघात' हा शब्द काढला.

पॅरिसच्या एका रुग्णालयात एकवीस वर्षे पडून असलेला एक मनुष्य 'तां' एवढाच उच्चार करू शके, म्हणून त्याचे नावच 'तां' पडले होते. १८६१ साली तो वारल्यावर पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. 'तां' आणि 'बरं'! मी पुढे वाचू लागलो. बोलणे कळते पण बोलता येत नाही असा एक प्रकार. १८७४ साली व्हर्निकेने वर्णिलेला दुसरा, ज्यात बोलणे ओघाने चालते पण त्यात अर्थ राहत नाही. दोन भाषा जाणणाराची वाचा गेली तर कोणती आधी परत येते? रिबो म्हणाला, जी प्रथम शिकला ती; पित्र १८९५ साली म्हणाला, जी अधिक वापरात होती ती. दादाने छत्तीस वर्षे कचेरीत इंग्रजीतून पत्रव्यवहार केला आणि घरी मराठीखेरीज शब्द काढला नाही. त्याच्यापाशी उरलेला शब्द पाहता रिबो जिंकला म्हणावा काय? जॅक्सनने एक फार सूक्ष्म गोष्ट टिपून ठेवली आहे: ज्यास पाणी मागता येत नाही असा मनुष्यही पाठ केलेली प्रार्थना म्हणू शकतो, आणि रागाच्या भरात शिवीही देऊ शकतो. आमच्याकडे वहिनींनी संध्याकाळी दिवा लावून रामरक्षेस आरंभ केला की दादा तिच्या मागोमाग कित्येक श्लोक म्हणतो. बे एके बे सुरू करून दिले की वीसपर्यंत न अडखळता जातो. पाहुणे आले की आम्ही ही गोष्ट 'सुधारणा' म्हणून सांगत असू. ती सुधारणा नव्हती. ती वाचा त्याची कधी गेलीच नव्हती. बोलणे मात्र निराळे.

आणि मग पुढे काय होते, हा भाग आला. आशय सगळ्या ग्रंथांत एकच होता. वाचा परत येण्याचा वेग पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत सर्वांत अधिक. नंतर तो मंदावतो. फार काळ लोटल्यावर सरावाने थोडीफार भर पडते, परंतु मोठ्या इजेनंतर पूर्वीचे बोलणे सहसा येत नाही. एका ठिकाणी हे सराव, उपकरणे आणि नवनवे प्रयोग यांच्या वर्णनात असे गुंडाळले होते की वाचणारास आशेला जागा राहावी. अ‍ॅडम्स आणि व्हिक्टर यांच्या ग्रंथात रोगाच्या वाटचालीविषयी भीड बाळगलेली मला दिसली नाही. दोन वर्षे झाली होती. मी तो ग्रंथ मिटला आणि त्या तरुणास म्हणालो, "हा जरा रुक्ष वाटतो."

मदतनिसाने मान डोलावली. तोपर्यंत त्याच ग्रंथाच्या गोडव्यांनी माझी टिपणवही भरली होती, हे त्यास काय ठाऊक!

त्या रात्री मला झोप आली नाही. वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणून ग्रंथाची पारख करावयास मी गेलो होतो, आणि केले काय? दादा बोलेल, असे लिहिलेले एखादे पान शोधीत फिरलो. ज्या ग्रंथाने ते मुळीच लिहिले नाही त्यास मी रुक्ष ठरविले. ज्याने ते आडवळणाने मला समजू दिले तो मला 'अद्ययावत' वाटला. आयुष्यभर विद्यार्थ्यांस मी सांगत आलो की, आपणांस रुचते तेच लेखकाने म्हटले आहे असे समजून वाचू नये. हा उपदेश करणे सोपे, कारण कादंबरीतील मनुष्य आपला भाऊ नसतो.

दुसऱ्या दिवशी मी पुतणीस बरोबर घेऊन गेलो. ग्रंथ मी निवडावा अशी अट असताना हा उघड पराभव होता. पण तो मी मान्य केला. तिने दोन-तीन ग्रंथ झरझर उघडले आणि पंधरा मिनिटांच्या आत अ‍ॅडम्स-व्हिक्टरवर हात ठेवला.

मी म्हणालो, "ब्रॅडलीत माहिती अधिक आहे ना?"

"आहेच. ते ग्रंथालयात आहे, काका; परीक्षेपूर्वी त्यातच डोके घालावे लागेल. औषधांचे ताजे आकडे तर आम्ही रोज निरनिराळ्या ठिकाणी पाहतोच. पण रात्री दोन वाजता रोगी येतो तेव्हा तो रोगाचे नाव घेऊन येत नाही. पाय उचलत नाही, म्हणून येतो. तेथून कोणी तरी हात धरून नेणारे लागते. हे पुस्तक वाचता येते. नुसते पाहावे लागत नाही."

मी थोडा वेळ थांबून म्हणालो, "त्यात काही गोष्टी फार स्पष्ट लिहिल्या आहेत."

तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, मी कोणते पान उघडले होते हे तिला त्याच क्षणी कळले.

"काका, बाबांचे मी पहिल्याच आठवड्यात वाचले होते," ती हळूच म्हणाली. "आईला सांगितले नाही. तुम्हालाही नाही. आपण सगळे पाढ्यांना सुधारणा म्हणत होतो, तेव्हा मीही म्हणत होते. पण उद्या कोणाची तरी मुलगी माझ्यासमोर उभी राहून विचारील, तेव्हा मला 'बघू या' म्हणून चालणार नाही. खरे आधी मला कोणी तरी नीट सांगितलेले असले पाहिजे."

मी काही बोललो नाही. पैसे दिले. दोन वर्षे आम्ही एकाच घरात, एकमेकांस दुखवू नये म्हणून, एकमेकांपासून एकच पान लपवीत होतो. त्यात मी तर ते वाचण्यापूर्वीच लपवीत होतो.

ग्रंथ घेऊन आम्ही घरी गेलो. दादा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. लेकीने ते ओझे त्याच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, काकांनी दिला." त्याने डाव्या हाताने वरचा कागद काढला, बांधणीवरून बोट फिरविले आणि मूळची सवय म्हणून पुस्तक उघडून त्याचा वास घेतला. पहिल्या पानावरील माझी सही पाहिली. छापील मजकूर त्याला कितपत कळतो, हे आम्हांस अजून नक्की सांगता येत नाही. वर्तमानपत्र तो हातात धरतो, पाने उलटतो, परंतु विचारले तर उत्तर एकच.

मी वहिनींशी बोलत उभा होतो. सहज वळून पाहिले तो दादाने ग्रंथ पालथा करून मागची सूची उघडली होती. डाव्या हाताची तर्जनी बारीक अक्षरांच्या स्तंभावरून सावकाश खाली सरकत होती. मध्येच ती एका ठिकाणी थांबली. ते पान कोणत्या अक्षराचे होते हे मला उभ्या जागेवरून दिसले नाही, आणि पुढे होऊन पाहण्याचे धैर्य झाले नाही. मग त्याने मोठ्या कष्टाने, एका हाताने, पाने मागे उलटली आणि एका पानाकडे बराच वेळ पाहत राहिला. पुतणी खाली बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून होती. तीही काही बोलली नाही.

थोड्या वेळाने दादाने ग्रंथ मिटला, तो लेकीच्या हाती दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं."

त्या शब्दाचे सगळे सूर आता मला ओळखता येतात, असे मी समजत होतो. हा मी पूर्वी ऐकलेला नव्हता.